मदत हवी आहे: पासबुक प्रिंटरचा इन्स्टॉलर फक्त एका जुन्या मशीनवरच चालतो

वर्धाकाठ
राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेत कॉम्प्युटरचं काम पाहतो. सगळ्या मशीन विंडोजच्या, डोमेनमध्ये (म्हणजे मुख्य कार्यालयाच्या एकाच जाळ्यात जोडलेल्या). नियम वर्ध्याच्या मुख्य कार्यालयातून लागतात, माझ्याकडे लोकल ॲडमिनचा पासवर्ड तेवढा आहे.

पासबुक प्रिंटरच्या सेटअपची एक्झी फाइल जुनी आहे. 2020 मध्ये याच शाखेत ती बिनबोभाट बसली होती. आता नव्या मशीनवर पासवर्ड विचारायच्या आधीच 'अ रेफरल वॉज रिटर्न्ड फ्रॉम द सर्व्हर' असं येऊन बंद पडते. प्रिंटर यूएसबीवर, मग सर्व्हर मधात आला कुठून? नेटवर्क पाहिलं, ठीक आहे.

आता गंमत. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तीच फाइल, त्याच पेन ड्राइव्हवरून, लगेच बसली. त्या मशीनचा घड्याळ चालू ठेवणारा सीएमओएस सेल गेलेला आहे, लाइट गेली की तारीख जानेवारी 2019 वर जाते. त्या दिवशी इंटरनेटही बंद होतं. तारखेचा संबंध असेल काय? तुरीचे पैसे जमा होत आहेत, काउंटरवर गर्दी, आणि नोंदी हातानं लिहून देणं चालू आहे.

संत्रानगरी
भाऊ, सर्व्हर विसरा, तो मेसेजच फसवा आहे. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, म्हणजे कंपनीनं फाइलवर केलेली सही. टाइमस्टॅम्पच्या (सही कधी झाली त्या वेळेच्या शिक्क्याच्या) रकान्यात काय दिसतं? ज्या सर्टिफिकेटनं सही केली त्याची मुदतही पाहा.

वर्धाकाठ
टाइमस्टॅम्प 'नॉट ॲव्हेलेबल'. सर्टिफिकेट मार्च 2018 ते मार्च 2021.

झाडीपट्टी
ते सर्टिफिकेट ट्रस्टेड रूटमध्ये (विंडोजच्या भरवशाच्या यादीत) टाकून द्या ना, विषय संपला.

संत्रानगरी
नाही संपत बापा. रूटमध्ये टाकलं तरी संपलेली मुदत वाढत नाही, उलट नको त्या गोष्टीवर मशीनचा भरोसा बसतो.

सही करताना टाइमस्टॅम्प लावला असता, तर सही सर्टिफिकेट चालू असतानाच झाली याचा पुरावा फाइलमध्येच राहिला असता आणि ती 2021 नंतरही चालली असती. तो नाही, म्हणून विंडोज आजची तारीख पाहतं. जुन्या मशीनच्या लेखी अजून 2019 च आहे, म्हणजे सर्टिफिकेट जिवंत. इंटरनेट बंद असल्यानं घड्याळ डोमेनशी जुळलं नाही, नाहीतर तिथंही अडलं असतं.

2020 मध्ये मुदत बाकी होती. पण नुसती मुदत संपल्यानं विंडोज सहसा इतकं अडवत नाही, पिवळी चौकट दाखवून विचारतं. तुमच्याकडे 'सही तपासलेल्या एक्झीलाच ॲडमिन अधिकार द्या' ही यूएसीची (ॲडमिन अधिकार देण्याआधी विंडोज विचारतं ती सोय) पॉलिसी चालू असणार. तो रेफरलवाला मेसेज तिचाच.

नव्या मशीनची तारीख मागे नेऊ नका. डोमेनचं लॉगिन साधारण पाच मिनिटांचाच फरक सहन करतं, आणि पतसंस्थेत चुकीच्या तारखेच्या नोंदी पडल्या तर ऑडिटवाला सोडणार नाही.

मॅकवाला_यवतमाळ
हे दुखणं विंडोजपुरतं नाही. 24 ऑक्टोबर 2019 ला ॲपलचं एक सर्टिफिकेट संपलं आणि आधी उतरवून ठेवलेले मॅकओएसचे इन्स्टॉलर 'फाइल खराब आहे' म्हणू लागले. फाइल धडधाकट होत्या. ॲपलनं नव्या सहीचे इन्स्टॉलर दिले, ते परत उतरवावे लागले.

वर्धाकाठ
मुख्य कार्यालयाला फोन केला. पॉलिसी खरंच चालू आहे, आणि ती काढणार नाही म्हणतात.

संत्रानगरी
काढूही नये, बरोबर बोलले. कंपनीकडे नव्या सहीचा, टाइमस्टॅम्पवाला सेटअप मागा. तोवर मुख्य कार्यालयानं हीच फाइल सिस्टीम खात्याखाली (विंडोजचं स्वतःचं खातं) शेड्यूल्ड टास्कनं, म्हणजे ठरवून दिलेल्या आपोआप कामानं, चालवावी. तिथं अधिकार आधीच असतात, यूएसी मधात येत नाही. सायलेंट इन्स्टॉलचा स्विच मात्र लागेल, नाहीतर पडद्यामागं नेक्स्ट दाबायला कोणी नसतं.

वर्धाकाठ
ते विचारतात, मुदत संपलेली फाइल चालवायची तर तिच्यात कोणी काही घुसवलं नाही कशावरून? जुळवून पाहायला कंपनीच्या साइटवर हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) नाही.

संत्रानगरी
रास्त प्रश्न. पॉवरशेलमध्ये गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर ही सही तपासायची कमांड चालवा. सहीनंतर फाइल बदलली असेल तर 'हॅशमिसमॅच' येईल, मुदत संपणं ही वेगळी गोष्ट. शिवाय प्रिंटरच्या खोक्यात सीडी असेल तर दोन्ही फाइलींचा एसएचए-256 हॅश काढून जुळवा.

वर्धाकाठ
हॅशमिसमॅच नाही आला. सीडी कपाटात सापडली, पण नव्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही. त्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरच काढतो हॅश.