आईबाबांना घेऊन युरोप रेल्वेने: पास घ्यावा की सुटी तिकिटं?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही पाच जण, मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आईबाबा (६८ आणि ७२), १६ दिवस युरोपला चाललोय. बाबा रेल्वेत गार्ड होते, कर्जत-लोणावळा घाटात आयुष्य गेलं, त्यामुळे टूरची बस नको, गाडीनेच फिरायचं म्हणतात. ॲमस्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग असं ठरवलंय. युरेल पास (एकाच पासवर अनेक देशांतल्या गाड्या) घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत? आणि गाडी बदलताना मध्ये किती वेळ ठेवावा? आईचे गुडघे दुखतात.

म्युनिकवाली:
दादा, आधी एक शहर कमी करा. प्राग सोडा. १६ दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे दर तिसऱ्या दिवशी बॅगा भरणं आलं, त्यात आईंचे हाल होतील.

पासचं म्हणाल तर पास असला तरी सीट मिळालीच असं नाही. पॅरिसची युरोस्टार आणि पॅरिस-झुरिक टीजीव्ही (फ्रेंच फास्ट गाडी), दोन्हीला रिझर्वेशनचे वेगळे पैसे पडतात आणि पासवाल्यांच्या जागा मोजक्याच, त्या लवकर संपतात. इटलीतल्या फास्ट गाड्यांनाही रिझर्वेशन लागतंच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधे मात्र बहुतेक गाड्यांत नुसता पास घेऊन चढता येतं. तुमचे लांबचे टप्पे चार-पाचच आहेत आणि तारखा पक्क्या आहेत, तेव्हा बुकिंग उघडल्या उघडल्या सुटी तिकिटं काढा आणि स्वित्झर्लंडपुरता तिथला स्विस ट्रॅव्हल पास घ्या, त्यात बोटी आणि शहरातल्या बसपण येतात, लेकीला तुमच्याबरोबर फॅमिली कार्डवर फुकट. हो, व्हिसा जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा काढायचा, ते आधी मोजा.

नाशिककर_प्रवासी:
वरच्या ताईंशी सहमत. गाडी बदलायला निदान ४० मिनिटं ठेवाच, ॲप आठ मिनिटांचं कनेक्शन दाखवतं, ते बॅगा आणि म्हातारी माणसं असताना जमत नाही.

आमचा अनुभव सांगतो. बर्लिनहून कोलोनला जात होतो, गाडी आली आणि डबे उलट्या क्रमाने लागलेले, आमचा डबा प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला. आई म्हणाली समोर आहे त्यात चढू, आतून चालत जाऊ. आपल्याकडे जातोच ना आपण. पण ती गाडी म्हणजे दोन गाड्या जोडलेल्या, मधून रस्ताच नाही, आणि हाम नावाच्या स्टेशनात दोन्ही वेगळ्या होतात, एक कोलोनला, एक डुसेलडॉर्फला. तिकीट तपासणाऱ्या बाईंनी आमच्या तिकिटावर बोट ठेवून सांगितलं तेव्हा हाम यायला दहा मिनिटं होती. उतरून आईचा हात धरून प्लॅटफॉर्मवरून धावलो, तिची एक चप्पल निघाली ती तशीच हातात घेऊन चढली. दाराशेजारच्या पाटीवर गाडी कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, चढण्याआधी ते वाचा, आणि प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, आपला डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते बोर्डावर बघून तिथेच थांबा.

म्युनिकवाली:
आणि गार्डबाबांसाठी एक. झुरिकहून सरळ मिलानला जाऊ नका, त्या वाटेवर ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा आहे, नुसता अंधार. कूरहून सेंट मॉरिट्झला जा आणि तिथून इटलीतल्या तिरानोपर्यंत बर्निना लाईनने. १९१० पासून चालू आहे, २,२५३ मीटर उंचीवर चढते. आपल्या भोर घाटात (कर्जत-लोणावळा) ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ, त्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात, आणि इथे जवळजवळ १४ ला १ आहे, रुळांमधे दात्यांची पट्टीसुद्धा नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी चढते. वाटेत ब्रुझिओ गावाला गोल पुलावरून वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांखालून जाते. महागडी पॅनोरमिक गाडी नकोच, त्याच रुळांवरून साधी गाडी धावते, तिला रिझर्वेशन लागत नाही, स्विस पास तिरानोपर्यंत चालतो. पुढे तिरानो-मिलान साधी गाडी, अडीच तास. मिलानला रात्र काढा, सकाळी व्हेनिस. तिकिटावर सांता लुचिया बघा, ते कालव्यांच्या जुन्या शहरातलं स्टेशन, मेस्त्रे आधी येतं, तिथे उतरलात तर पाणी दिसणार नाही.

कोथरूडकर:
ताई, दादा, मनापासून आभार. प्राग काढलं. बाबांना बर्निनाचं वाचून दाखवलं तर दोनदा विचारलं, "बँकर नाही? खरंच?" आता वही घेऊन बसलेत, मला विचारतायत की उतरताना ब्रेक कसे धरतात. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.