कीस्टोन, लस आणि तेलाचा भाव: दोष कोणाचा?

अनुस्वार: तेलबाजारावर रोज टिपण लिहिणाऱ्या ‘पिंपवाला’ यांनी काल लिहिले की २०२१ मध्ये कच्चे तेल महागले ते केवळ बायडेन यांनी कॅनडातून अमेरिकेत तेल आणणार असलेल्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनचा परवाना रद्द केल्यामुळे, आणि करोना लसीकरणाचा भावाशी संबंध जोडणे हा निव्वळ सरकारी प्रचार आहे. मी गप्प बसणार होतो, परंतु त्याखाली इतक्या जणांनी माना डोलावल्या की राहवले नाही. तो परवाना २० जानेवारी २०२१ रोजी रद्द झाला, तेव्हा ती पाइपलाइन पूर्णही झाली नव्हती. जिच्यातून एक थेंब वाहत नव्हता, तिच्या नसण्याने बाजारातले तेल कमी कसे झाले? उलट ९ नोव्हेंबर २०२० रोजी फायझरने आपली लस ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी तेल सुमारे ८ टक्क्यांनी वधारले. बायडेन तेव्हा सत्तेवरही आले नव्हते. शुक्रवारी, २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ओमायक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकाराच्या नुसत्या बातमीने ब्रेंट (जगभर भावाचा मापदंड मानले जाणारे तेल) पिंपामागे ८२ डॉलरवरून ७२च्या घरात घसरले. त्या दिवशी कोणती नवी पाइपलाइन सुरू झाली होती, हे कृपया सांगावे.

पिंपवाला: पाइपलाइन वाहत नव्हती हे मलाही ठाऊक आहे, त्यासाठी इतका मोठा परिच्छेद नको होता. रोज ८ लाख ३० हजार पिंपांची वाट कायमची बंद झाली, की नवी विहीर खोदायला पैसे घालणारा हात आखडता घेतो, आणि वायदेबाजार उद्याकडे पाहूनच आजचा भाव ठरवतो. शिवाय आपण ओपेक प्लसचे, म्हणजे सौदी अरेबिया, रशिया आदी तेल उत्पादक देशांच्या गटाचे, नावही घेतले नाही. मे २०२० पासून त्यांनी रोज ९७ लाख पिंपांची कपात केली आणि ऑगस्ट २०२१ पासून दरमहा जेमतेम ४ लाखांची वाढ सुरू केली. लस आली नसती तरी भाव वर आलेच असते.

अनुस्वार: म्हणजे दोष आता वॉशिंग्टनचा नसून रियाध आणि मॉस्कोचा झाला. आपल्या ‘केवळ’ या शब्दाचा निकाल आपणच लावलात, आभारी आहे. राहिला प्रश्न लसीचा: विमाने जमिनीवर आणि माणसे घरात असती, तर ती कपात कितीही टिकवली तरी तेल ८० डॉलरला घेतले कोणी असते?

डेकवरचा: दोघेही पडद्यासमोर बसून भांडत आहात. २० एप्रिल २०२० रोजी मे महिन्याचा अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल घ्या म्हणून विकणाराच पैसे देत होता, तेव्हा मी मेक्सिकोच्या आखातात रिगवर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीवर, होतो. माझी २८ दिवसांची पाळी ६१ दिवसांची झाली, कारण बदली तुकडी विलगीकरणात अडकली होती. किनाऱ्यावर उतरलो त्याच आठवड्यात आमच्यापैकी निम्म्यांना एका ईमेलने घरी पाठवले. २०२१ मध्ये तीच कंपनी ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ म्हणून लस घ्या, नाहीतर रिगवर नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये चढू नका, असे सांगू लागली. चर्चा करायचीच असेल तर या सक्तीवर करा.

जलद_प्रथमोपचार: मी अशाच एका प्लॅटफॉर्मवर वैद्यकीय मदतनीस होतो. चार जणांच्या खोलीत एकाला खोकला झाला, की तिसऱ्या दिवशी चौघेही झोपलेले असतात. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकले नाही, त्या रात्री एका पन्नाशीच्या माणसाजवळ मी ऑक्सिजनची पातळी मोजत बसलो होतो. ईमेलचा राग लसीवर काढू नका. अमेरिकी सरकारचा २०२१ चा नियमदेखील १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लसीऐवजी दर आठवड्याला चाचणी आणि मास्क हा पर्याय देत होता, आणि त्यालाही पाचव्या सर्किट या संघीय अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्थगिती दिली.

डेकवरचा: तो पर्याय सरकारच्या कागदावर होता, आमच्या कंपनीने तो दिलाच नाही. आणि मला राग कशाचा यावा, हे तुम्ही ठरवू नका. तुम्ही एक रात्र बसलात, मी ६१ रात्री होतो.

जलद_प्रथमोपचार: रात्री मोजायच्या असतील तर माझ्याही मोजा. मात्र कंपनीने चाचणीची सोय नाकारली असेल तर ते चूक आहे, एवढे मान्य.

पिंपवाला: माझ्या टिपणाची ही अवस्था होईल असे वाटले नव्हते. ‘केवळ’ हा शब्द मागे घेतो. अनुस्वार यांनी तो चौकटीत लावून भिंतीवर टांगावा. ‘प्रचार’ मात्र मागे घेत नाही. भावाचा लसीशी संबंध नाही म्हणून २३ नोव्हेंबर २०२१ रोजीच अमेरिकेच्या राखीव साठ्यातून ५ कोटी पिंपे काढण्याची घोषणा करावी लागली.

अनुस्वार: त्या घोषणेच्या दिवशी भाव उतरले नाहीत, चढले. तीनच दिवसांनी एका विषाणूच्या बातमीने ते दहा डॉलरने पाडले. हे आपल्या बाजूने कसे मोजायचे, ते उद्याच्या टिपणात वाचीन.

डेकवरचा: लसीच्या दोन्ही मात्रा मी जुलै २०२१ मध्येच घेतल्या आहेत. माझा प्रश्न लस घ्यावी की नाही हा नव्हता, परंतु इथे तो कोणी वाचलेला दिसत नाही.