पंधराशे रुपये की दिवसभराचं पाळणाघर? नागपूरच्या वस्त्यांतल्या लहान लेकरांसाठी काय जास्त गरजेचं?

अजनीची_ताई
जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण सुरू झाली तेव्हापासून वस्तीत एकच बोलणं, पैसे आले का नाही आले. पैसे मिळावे, त्यात वाद नाहीच. पण ज्या घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू आहे आणि माय सकाळीच धुणीभांडी करायला निघते तिथं लेकराजवळ राहणार कोण? अंगणवाडीत बसायची सोय तीन वर्षांच्या वरच्यांना, त्याहून लहान असलं की घरी न्यायचा आहार, म्हणजे पाकीट मिळते, जागा नाही मिळत. मोठ्यांचीही दुपारी सुट्टी होऊन जाते. मग आठ-नऊ वर्षांची बहीण शाळा बुडवून घरी बसते, हे मी स्वतः किती घरी पाहून राहिली. माझं स्पष्ट मत, नवीन पैसा टाकायचा असेल तर टोली, ताजबाग, पाचपावली सगळीकडे दिवसभराची पाळणाघरं काढा.

कॉटनमार्केटवाला
नाही पटलं ताई. एक सेविका, तिच्याच डोक्यावर पोषण, लसीकरण, सर्व्हे, मोबाईलवरच्या नोंदी, तिच्या हाती अजून तान्ही लेकरं देता? वरून अंगणवाडीच्या आहाराला एका लेकरामागं दिवसाचे आठ रुपये, हा दर 2017 साली ठरलेला, त्यात आज एक अंडं आलं तर आलं. खात्यात थेट पैसे आले की मधात कोणी हात मारत नाही, घरात काय कमी आहे ते मायलाच माहीत असते, तिच्यावर विश्वास ठेवा ना.

अजनीची_ताई
आठ रुपये कमीच आहेत, वाढवलेच पाहिजे. आणि मायवर माझा पूर्ण विश्वास आहे भाऊ, पण ती घरी नसतेच ना त्या वेळी! सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं मऊ वरण-भात, अंडं, केळं असं भरवावं लागते, कारण पोट लहान, एकदम खात नाही ते. घास बनवणारी आणि तो धीरानं भरवणारी कोणी तरी मोठी बाई हवी. नऊ वर्षांची पोरगी काय करते? रडलं की पाच रुपयाचा चिप्सचा पुडा फोडून देते, तिचाही दोष नाही. 2019-21 च्या सर्वेक्षणात आपल्या राज्यात पाच वर्षांखालची शंभरातली 35 लेकरं वयाच्या मानानं ठेंगणी निघाली, ती सगळी काही घरात दाणा नाही म्हणून नाही.

उमरेडरोडकर
आधी आजी-काकू सांभाळायच्या की नाही? सगळं सरकारवर टाकलं तर घरच्यांची जबाबदारी काय राहिली. माझ्या मते नातेवाईकांनी जवळ राहावं, हाच खरा उपाय.

हिंगण्याचा_सुपरवायझर
आजी कुठून आणायची दादा? आमच्या साईटवरचे बहुतेक मजूर बालाघाट, छत्तीसगडकडचे, आजी गावी. मे महिन्यात 45 च्या उन्हात लेकरू साडीच्या झोळीत, माय विटा वाहून राहिली. 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यात पाळणाघर होतं, पण 50 पेक्षा जास्त बाया कामावर असल्या तरच. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, त्यातही 50 पेक्षा जास्त कामगारांचीच अट. छोट्या बिल्डिंगवर आठ-दहा बाया, एकूण मजूरही थोडेच, तिथं ही अट लागतच नाही. आधी ही मर्यादा खाली आणा, बाकी बोलणं नंतर.

कॉटनमार्केटवाला
साईटचं मान्य. पण वस्तीचं काय? सेविकेवर बोजा, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

अजनीची_ताई
देते ना. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते आणि त्यासाठी वेगळी कार्यकर्ती, वेगळी मदतनीस असते, सेविकेचं काम वाढत नाही. सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं चालतात. तरतूद आहे, आपल्या नगरसेवकांनी वस्ती-वस्तीतून मागणी लावून धरावी एवढंच म्हणून राहिली मी. लाडकी बहीण बंद करा असं कुठं म्हटलं?

कॉटनमार्केटवाला
मग एवढं लिहून घ्या, वेगळी बाई, तिचा पैसा महिन्याच्या महिन्याला, खोलीत कूलर, प्यायचं पाणी, आणि संध्याकाळी सहापर्यंत उघडं. हे दिसलं की मी स्वतः वॉर्डात सह्या गोळा करतो. नाही दिसलं तर मायच्या हाती रोख पैसेच बरे, यावर मी ठाम आहे.