चेर्नोबिल आणि डब्यातलं लोणी

'चेर्नोबिलची बातमी ऐकून धडकी भरली, पण ते सगळं तिकडे लांब चाललं होतं' असं त्या दिवसांबद्दल कुणी कुणी म्हणतं. धडकीचं अगदी खरं. पण मुंबईत तरी ते तिकडेच राहिलं नाही. सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातला स्फोट २६ एप्रिल १९८६चा; सोव्हिएत सरकारने तोंड उघडलं २८ तारखेला, तेही स्वीडनमधल्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग आढळल्यावर. ही लपवाछपवी मला आजही अक्षम्य वाटते.

पुढे आयर्लंडहून आलेल्या लोण्यात तो किरणोत्सर्ग उतरलाय अशी शंका निघाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिने लोणी सुरक्षित ठरवलं आणि १९८८ साली याचिका फेटाळली गेली. आईने मात्र तोवर आमच्या डब्यातल्या ब्रेडला लोणी लावणं थांबवलं होतं. दिसत नाही, वास येत नाही, चवही बदलत नाही, मग ओळखायचं कसं, हे ती वडिलांना पुन्हा पुन्हा विचारायची. वडिलांकडे उत्तर नव्हतं. मला खरी भीती बसली ती तेव्हा.

त्या काळात पुण्या-नाशकाकडच्या घरांतही लोण्याची अशी चर्चा व्हायची का?