पॉड नाही, बाटली बघा

पुन्हा भरायच्या व्हेपला (ई-सिगारेटला) जळकी चव का येते, या वरच्या प्रश्नावर सगळे पॉडलाच, म्हणजे लिक्विड भरायच्या छोट्या टाकीलाच, शिव्या घालतायत, ते मला अर्धंच पटलं. नवीन पॉड भरल्या भरल्या ओढला की आतला कोरडा कापूस जळतो, म्हणून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा, हे सांगून झालंय. पण लिक्विडचं काय? बाटलीवर ७०/३० असेल, म्हणजे ७० टक्के व्हेजिटेबल ग्लिसरीन, तर ते पाकासारखं दाट असतं आणि एवढुशा कॉइलपर्यंत (लिक्विड तापवणाऱ्या तारेपर्यंत) वेळेत पोचतच नाही, मग कितीही थांबा. मी इथे लेस्टरला ५०/५० वालंच वापरतो, ओढल्यावर काचेतून बारीक बुडबुडे वर जाताना दिसतात, ते दिसले की समजायचं कापूस पितोय. बुडबुडे थांबले तर ओढू नका.

यूकेत १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल (वापरून फेकायचे) व्हेप विकायला बंदी आहे त्यामुळे आता दुकानदार हे पुन्हा भरायचेच पुढे करतो, टाकी मात्र कायद्यानेच २ मिलीची, सारखी भरत बसा! आणि हो, सुट्टीला घरी जाताना व्हेप बॅगेत टाकू नका कोणी, भारतात २०१९ च्या कायद्याने विक्रीच काय, आयातही बंद आहे.