डॉल्फिन बघायला तारकर्ली, दापोली की गोवा? बोट कशी निवडावी?

अनघा_पुणे

नमस्कार मंडळी. जानेवारीत चार दिवस कोकणात जायचंय, पुण्याहून गाडीने. आम्ही पाच जण. सासूबाई 71 वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलगा सहा वर्षांचा. डॉल्फिन बघणं हा मुख्य बेत. देवबाग-तारकर्ली, दापोली की सरळ गोवा, हे ठरत नाहीये. कुणी म्हणतं हमखास दिसतात, कुणी म्हणतं नुसतं पाण्यात फिरवून आणतात. वेळ कुठली धरावी? बोट ठरवताना काय विचारावं? बोट लागू नये म्हणून काय करावं? आणि व्हेलही दिसतात का हो तिकडे? चिरंजीवांनी शाळेत तसं जाहीर करून टाकलंय.

निवतीकर

अनघाताई, तुमच्या बाबतीत ठिकाण डॉल्फिनवरून ठरवू नका, बोटीत चढायचं कसं यावरून ठरवा. किनाऱ्यालगत दिसणारा डॉल्फिन तिन्हीकडे एकच, हंपबॅक. खाड्यांची तोंडं, वीस-पंचवीस मीटरच्या आतलं उथळ पाणी, हा त्याचा मुलूख. दापोलीत दिसेल आणि देवबागला दिसणार नाही असं काही नसतं.

चढण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. दापोलीजवळ कर्दे-मुरुडला बोट वाळूवरून सुटते. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लाटेबरोबर बोट वर-खाली होत असते, तेवढ्यात काठावरून पाय आत टाकायचा. सासूबाईंना ते जमणार नाही, आणि उतरताना तर आणखी कठीण. गोव्यात पाळोळ्यालाही तोच प्रकार. देवबागला बोट कर्ली खाडीच्या बाजूला लागते, तिथे पाणी संथ असतं. गोव्यातच जायचं असेल तर नेरूलचा कोको बीच बघा, तिथेही नदीच्या पात्रातून निघून आग्वादच्या दिशेने बाहेर पडतात.

देवबागची अडचण वेगळी. कर्ली समुद्राला मिळते तिथे वाळू साचलेली आहे. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर येत असतं आणि समुद्राची लाट आत शिरत असते. दोन्ही समोरासमोर आले की त्या उथळ पट्ट्यात लाटा उभ्या राहतात. बोट आपटते, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बसलेले चिंब होतात आणि पाठदुखीवाल्यांचे हाल होतात. म्हणून बाहेर पडणं आणि परत येणं, दोन्ही भरतीच्या आसपास पडेल असा दिवस निवडा.

त्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत हिशेब एकच, कारण पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चतुर्थी-पंचमीला पूर्ण ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी तुमच्या परतीच्या वेळी. ते दिवस टाळा. नवमी ते द्वादशी उत्तम.

सुकाणू

तिथीबद्दल सहमत. त्यात वाऱ्याची भर घालतो, कारण डॉल्फिन दिसण्या-न दिसण्याचं पहिलं कारण तेच आहे.

हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका. समुद्र तेलासारखा सपाट दिसतो. दहा-अकरानंतर जमीन तापते, खारा वारा सुरू होतो आणि पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. एकदा फेस आला की शंभर मीटरवरचा परसुद्धा (पाठीवरचा कल्ला) लाटांत हरवतो. डॉल्फिन असतात तिथेच, आपल्याला दिसत नाहीत. संध्याकाळच्या फेरीला दुसरी अडचण म्हणजे सूर्य पश्चिमेला, आपण बघणार पश्चिमेला, सगळं पाणी चकाकतं. सकाळी ऊन पाठीवर असतं. त्यामुळे सव्वासातला बोट सुटायला हवी. नाश्ता करून साडेनऊला निघणाऱ्यांनाच मग ‘नुसतं फिरवून आणलं’ असं वाटतं.

आदल्या रात्री इन्कॉइस या सरकारी संस्थेचा सागरी अंदाज किंवा विंडी हे हवामानाचं अ‍ॅप बघा. लाट एक मीटरच्या आत आणि वारा ताशी 15 किलोमीटरच्या आत असेल तर जा. त्याहून जास्त असेल तर बेत दुसऱ्या दिवशी ढकला. म्हणूनच चार दिवसांतला पहिला दिवस बोटीसाठी धरा, शेवटचा नको.

आता बोट. ठरवताना पुढच्या गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. पैसे माणशी की अख्ख्या बोटीचे? फक्त डॉल्फिन की त्यात सुनामी आयलंड, भोगवे, निवती, गोल्डन रॉक असे सगळे थांबे? थांबे जितके जास्त तितका डॉल्फिनला वेळ कमी, आणि तांडेल (बोट चालवणारा) घाईत. तुम्ही पाच जण आहात, परवडत असेल तर अख्खी बोट घ्या आणि सांगा की दोन तास फक्त समुद्रावर. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली असते, ती वाचा. लाइफ जॅकेट ‘आहेत’ म्हणतात, पण ती फळीखाली बांधून ठेवलेली असतात. ती चढण्याआधी मागून घेऊन अंगावर घाला. मुलाच्या मापाचं वेगळं मागा. घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारा: ‘डॉल्फिन दिसल्यावर इंजिनाचं काय करता?’ ‘जवळ नेतो, अगदी हात लागेल’ असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा.

दापोलीकर

देवबागचं कौतुक मान्य, पण पुण्याहून दापोली पाच-सहा तास आणि देवबाग आठ-नऊ. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन चार दिवसांतले दोन गाडीतच जातील.

आणि आजींना बोटीत बसवायलाच हवं असं कुठे आहे? गुहागरजवळ अंजनवेलला वासिष्ठी समुद्राला मिळते. टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृहाच्या बाजूला उंचावरून समोरचं पाणी मोकळं दिसतं. खाडीच्या तोंडाशी मासा असतो, म्हणून डॉल्फिनही येतात. सकाळी लवकर खुर्ची टाकून दुर्बिणीतून तास-दीड तास निवांत बघायचं. उंचीवरून पाठ आणि पर बोटीपेक्षा स्पष्ट कळतात, आणि कुणाला त्रास नाही, ना गुडघ्याला ना डॉल्फिनला. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे जाता येतं, मोठा वळसा वाचतो.

दुर्बीण 8×42 किंवा 7×50. बोटीवर दहापटीच्या वरची घेऊ नका, हलण्याने चित्र स्थिर राहत नाही.

सुकाणू

अंजनवेलची सूचना उत्तम. माझं वरचं अर्धवट राहिलं होतं, ते पूर्ण करतो.

डॉल्फिन दिसल्यावर तांडेलाने काय करावं हे प्रवाशांनाही माहीत हवं, कारण बहुतेक वेळा ‘अजून जवळ घ्या’ हा ओरडा आपल्याच लोकांचा असतो. तीनशे मीटरपासून वेग कमी. बाजूने, त्यांच्या दिशेला समांतर जायचं. समोरून वाट अडवायची नाही, मागे लागायचं नाही, कळपाच्या मधून तर कधीच नाही. पन्नास मीटरवर, म्हणजे पाच-सहा बोटींच्या लांबीवर, न्यूट्रल करून थांबायचं. पंखा फिरायचा बंद झाला की ते बऱ्याचदा आपणहून जवळून जातात. वीस मिनिटं झाली की निघायचं. सोबत पिल्लू असेल तर त्याहून लवकर. आधीच दोन बोटी उभ्या असतील तर लांब थांबून आपली पाळी येऊ द्यायची.

पाठलाग केला की काय होतं? ते जास्त वेळ पाण्याखाली राहतात, दिशा बदलतात आणि दूर जाऊन वर येतात. बोट पुन्हा तिकडे धावते, ते पुन्हा बुडी मारतात. पाऊण तास हाच खेळ आणि प्रवाशाला दिसतो फक्त पराचा शेंडा. गोव्यात ‘डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत’ अशी बोली चालते. ती ग्राहकाच्या फायद्याची वाटते, पण तिच्यामुळेच तांडेलाला पाठलाग करणं भाग पडतं. मी तर अशा बोटीत बसू नका असंच म्हणेन. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत प्राण्याला पिटाळणंही शिकारीतच धरलंय.

बोटलागू

बोट लागण्याबद्दल. अ‍ॅव्होमिन निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने परतीचा विचार करावा. मुलाला आणि सासूबाईंना (बाकीच्या गोळ्या चालू असतीलच) डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

गोळीपेक्षा जागा महत्त्वाची. नाळेवर सगळ्यात जास्त हेलकावे, अगदी मागे इंजिनाचा धूर. मधली फळी धरा, तोंड पुढे, नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की दहा मिनिटांत मळमळतं. उपाशी पोटी जाऊ नका आणि मिसळ हाणूनही जाऊ नका. दोन इडल्या किंवा केळं-बिस्किट पुरे. बोट चालती असताना त्रास कमी होतो, थांबून डुलायला लागली की वाढतो. म्हणजे नेमके डॉल्फिन दिसताना!

क्लिकक्लिक

कॅमेऱ्याचं थोडक्यात. शटर 1/1600 किंवा वेगवान, आयएसओ ऑटो, फोकस सततच्या मोडवर, बर्स्ट चालू. 70-300 ची लेन्स पुरते. जिथे बुडाला तिथे रोखून बसू नका, तो पोहत होता त्या दिशेला थोडं पुढे धरा. मोबाइलवाल्यांनी फोटोच्या नादी न लागता सेकंदाला 60 फ्रेमचा व्हिडिओ घ्यावा, झूम न करता. खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने पुसू नका, मीठ काचेवर घासलं जातं. गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं आधी.

हंपबॅक ओळखायला सोपा. आधी लांब चोच पाण्याबाहेर तिरकी येते, मग कपाळ, मग पाठीवरचा लांबट उंचवटा आणि त्याच्यावर बसलेला छोटा पर. शेवटी पाठ कमानीसारखी वाकते. शेपूट वर आली तर बुडी खोल आहे, मिनिट-दोन मिनिटं तरी वर येणार नाही. तेवढ्यात कॅमेरा तपासून घ्या. शांतता असेल तर डोळ्यांआधी कानाला कळतं, ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो. पाठीवर पर नसलेलं, दीडेक मीटरचं, राखाडी काहीतरी नुसतं वळून गेलं तर तो फिनलेस पॉरपॉइज. तो उड्या मारत नाही, बोटीपासून लांब राहतो, आणि बहुतेक प्रवाशांना दिसूनही कळत नाही.

शोधताना पाच जणांनी पाच दिशा वाटून घ्या. कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी एका जागी झडप घालत असतील तर खाली मासा आहे, तिकडे लक्ष ठेवा. कुरवांना फरसाण टाकणं हा मात्र भिकार प्रकार आहे, कृपया करू नका.

खोलपाणी

व्हेलचं उत्तर: आहेत, पण तुमच्या बोटीतून दिसतील असं मुलाला सांगू नका. सिंधुदुर्गासमोर ब्रायड्स व्हेल नोंदले गेलेत, 2015 साली निळे देवमासेही दिसले होते. पण आपल्या किनाऱ्यासमोर समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) फार रुंद आहे. मुंबईसमोर ती सुमारे 300 किलोमीटर जाते, दक्षिणेकडे अरुंद होत जाते. निळ्या देवमाशाला लागतं खोल पाणी आणि तिथून वर येणारं खाद्य. दोन तासांची फेरी त्या पाण्याच्या जवळपासही जात नाही.

व्हेलच बघायचा असेल तर श्रीलंकेतलं मिरिसा. तिथे ही उथळ जमीन अगदी अरुंद आहे, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल दरी लागते, म्हणून जगातला सगळ्यात मोठा प्राणी सकाळी जाऊन दुपारपर्यंत बघून येता येतो. हंगाम डिसेंबर ते एप्रिल. पावसाळी वारे फिरले की तोच उद्योग पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला. मिरिसाची फेरी चार-पाच तासांची आणि लाट मोठी, त्यामुळे मुलगा दहा-बारा वर्षांचा झाल्यावर. तिथे व्हेलपासूनचं अंतर 100 मीटर.

अनघा_पुणे

एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. सासूबाईंनी अंजनवेल वाचून लगेच होकार दिला. आता बेत असा: दोन दिवस गुहागर, तिथून देवबाग, आणि बोट एकादशीला. हिशेबाने भरती सव्वाआठला. सव्वासातला निघून सव्वानऊला परत, बरोबर ना? आणि सासूबाई खाडीतल्या शांत पाण्यातून बोटीत बसतील की काठावरच थांबवू?

निवतीकर

वेळ अगदी बरोबर. जाताना पाणी चढतं, येताना नुकतं उतरायला लागलेलं, वाळूवर भरपूर पाणी. एकादशीला भांग (भरती-ओहोटीत कमी फरक असण्याचे दिवस) जवळ असतं, त्यामुळे ओढही कमी. तरी आदल्या संध्याकाळी तांडेलाशी बोला. खाडीचं तोंड दर पावसाळ्यात सरकतं आणि यंदा पाणी कुठून खोल आहे हे त्यालाच ठाऊक.

सासूबाईंना नेता येईल. मधली फळी, पाठीला उशी, आणि तोंड ओलांडताना दोन्ही हातांनी फळी धरायला सांगा. चढताना खाली ठेवायला प्लास्टिकचं बुटकं स्टूल सोबत घ्या, बोटीवर ते नसतं. वारा असेल तर त्यांच्यासाठी खाडीतलीच अर्ध्या तासाची वेगळी फेरी करा.

दापोलीकर

गुहागरला किनाऱ्यावर फिरताना डॉल्फिन किंवा देवमासा वाळूत अडकलेला दिसला तर वन विभागाला 1926 वर फोन. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू असंच अडकलं होतं. लोक येईपर्यंत अंगावर ओली फडकी, वरून समुद्राचं पाणी, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवायचं, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, मणके निखळतात. आणि जाळ्यात अडकलेला कुणा मच्छीमाराने सोडवला तर फाटलेल्या जाळ्याची 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडताना काढलेले फोटो लागतात, तेव्हा तुमचा कॅमेरा तिथे कामाला येईल.