'बेळगाव ग्रामीण' म्हणजे नेमकं कुठलं गाव?

झेरॉक्सवाला_हिंडलगा

नमस्कार मंडळी. बेळगाव शहराला लागून असलेल्या हिंडलग्यात माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. आधार, रेशनकार्ड, उतारे, मतदारयादीचे अर्ज, सगळं भरून देतो. मागच्या आठवड्यात एक आजी आल्या. सदाशिवनगरातलं भाड्याचं घर सोडून मुलाकडं इथं राहायला आल्यात. रिक्षानं दहा मिनिटांची वाट. मतदारयादीतला पत्ता बदलायच्या नमुना 8 मध्ये विचारतात, पत्ता त्याच विधानसभा मतदारसंघात बदलला की दुसऱ्या? मी दुसऱ्यावर खूण केली आणि म्हटलं, "आजी, तुम्ही आता उत्तरमधून ग्रामीणमध्ये आलाय." आजी माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "म्हातारपणी मला खेड्यात दिली म्हण की रं!"

हसण्यावारी नेलं, पण डोक्यातून जाईना. आमच्या गल्लीत तीन-तीन मजली अपार्टमेंट झालीत, घराचा नकाशा बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) नियमात बसवावा लागतो, पोरं शाळेला शहरात जातात. आणि आमचा आमदार कुणाबरोबर वाटून घ्यायचा, तर धारवाडच्या वाटेवरच्या हिरेबागेवाडीबरोबर. तिथला माणूस आणि मी, दोघांनी एकमेकांचं गाव लग्नाच्या वऱ्हाडात गेलो तरच बघायचं.

आणखी एक खटकतं ते नाव. निवडणूक आयोगाच्या यादीत 11 नंबरला बेळगाव उत्तर, 12 ला बेळगाव दक्षिण आणि 13 ला बेळगाव रूरल. उत्तरेचं नॉर्थ केलं नाही, दक्षिणेचं साउथ केलं नाही, आमचं तेवढं रूरल. पूर्वी उचगाव मतदारसंघ होता, बागेवाडी होता. नाव घेतलं की कुठला भाग ते कळायचं. आता 2027 ची जनगणना झाली की मतदारसंघांची पुनर्रचना होणार म्हणतात. हरकत द्यायची तर कशी द्यायची, कुणाला माहीत आहे काय?

माजी_तलाठी

माहीत आहे. पण आधी हिशेब बघा, राग नंतर.

आत्ताच्या हद्दी कुलदीप सिंग पुनर्रचना आयोगाच्या, 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या, 2008 च्या निवडणुकीपासून लागू. त्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 5 कोटी 28 लाख, आमदार 224. म्हणजे एका आमदारामागं साधारण 2 लाख 36 हजार माणसं. बेळगाव जिल्हा 42 लाखांचा, त्याला 18 आमदार आले, हिशेब बरोबर जुळतो. महापालिकेची हद्द मात्र 3 लाख 99 हजारांची. शहराला दोन आमदार द्यायचे तर 4 लाख 72 हजार पाहिजेत. तूट पडली ती आजूबाजूची गावं घेऊन भरायची. म्हणून येळ्ळूर दक्षिणमध्ये आहे आणि तुम्ही नाही. येळ्ळूर काय शहर आहे होय? कुठंतरी रेघ मारावी लागते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी राहतच असतं.

आता हरकतीचं. कायद्यात मसुदा राजपत्रात छापायची तरतूद आहे, हरकतींसाठी तारीख देतात, मग जाहीर सुनावणी. निकष असे: प्रदेश सलग असावा, नदी-डोंगर, प्रशासकीय हद्द, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी. भाषा आणि भावना त्यात नाहीत. त्यामुळं "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेला कागद कुणी उघडूनही बघत नाही. अमुक गावं इकडून काढा, तमुक तिकडं घाला, दोन्हीकडची लोकसंख्या एवढी राहते, असं कोष्टक द्या. गावांची नावं महसुली दप्तरात आहेत तशीच लिहा. आणि हे सगळं मसुदा आहे तोवर. आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ येतं, मग कोर्टात जाऊन फार काही हाती लागत नाही.

जाता जाता सांगतो. 1996 च्या लोकसभेला बेळगावात 456 उमेदवार होते, सीमाप्रश्नासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं निषेध म्हणून उभे केलेले. माझी तेव्हा निवडणुकीची ड्यूटी होती. म्हातारी माणसं मतपत्रिका हातात घेऊन विचारायची, "साहेब, ह्यात आपला कुठला?" शिक्का मारून घडी घालण्यातच निम्मा दिवस गेला.

उचगावकर

झेरॉक्सवाले, राग मानू नका, पण तुमचं गणित आम्हाला महागात पडणार. हिंडलगा, कंग्राळी हे शहरात जायला निघाले की ग्रामीणमध्ये मराठी माणूस राहिला किती? 2008 ला उचगाव मतदारसंघ मोडून बागेवाडीच्या भागाला जोडला तेव्हाच आमची ताकद निम्मी झाली. तेव्हापासून ग्रामीणमध्ये समितीचा एकही आमदार निवडून आलेला नाही. आता राहिलेलं निम्मं तुम्ही अपार्टमेंटच्या पायी द्यायला निघालाय. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक तुमच्याच गावात आहे, एवढं तरी ध्यानात ठेवा.

झेरॉक्सवाला_हिंडलगा

स्मारकाच्या आवारात दर 1 जूनला मी सतरंज्या टाकतो ओ, ते मला सांगू नका.

पण तुमच्या मुद्द्यानं मी अडकलोय, हे खरं. काल रात्री कागद घेऊन बसलो. 2011 ला महापालिका 4 लाख 88 हजार, राज्य 6 कोटी 11 लाख. भागिले 224 केलं तर एका आमदारामागं 2 लाख 73 हजार. दोघांचे झाले 5 लाख 46 हजार. म्हणजे तूट 58 हजारांची, तेव्हाही होतीच. नवीन जनगणनेत आकडे बदलतील, जागा वाढल्या तर सगळंच बदलेल. पण तूट राहिली तर ती भरायला चिकटलेली गावंच घेणार, मी हरकत देवो की न देवो.

नंदगडकर

तुमचं भांडण ऐकून हसू यायला लागलंय. तुमचा आमदार निदान बेळगावात बसतो. आम्ही खानापूर तालुक्यातली माणसं. जिल्हा बेळगाव, कलेक्टर बेळगाव, बाजार बेळगाव, आणि खासदार? उत्तर कन्नडचा. खानापूर आणि कित्तूर हे दोन मतदारसंघ तिकडं जोडलेत. बाकीचे सहा हल्याळ, यल्लापूर, शिरसी, कुमठा, भटकळ, कारवार. रामनगर, जोयडा करत घाट उतरायचा, मग समुद्र दिसतो, मग खासदार दिसला तर दिसला. आधी ह्याचंच नाव कॅनरा होतं. आम्ही आजही "कारवारचा खासदार" म्हणतो. आमच्या मतदारसंघाच्या नावात दुसऱ्या जिल्ह्याचं नाव आहे, ह्यावर लिहा की कुणीतरी कोष्टक!

2021 च्या पोटनिवडणुकीत बेळगावात समितीच्या उमेदवाराला 1 लाख 17 हजार मतं पडली, तेव्हा इथं पेढे वाटले. वाटणाऱ्यांपैकी एकाचंही मत त्यात नव्हतं. निपाणी चिक्कोडीत, खानापूर कारवारात, बेळगाव बेळगावात. तिघांचे खासदार तीन.

दुसरं_गेट

सीमाप्रश्न सुटला की हे सगळं आपोआप सुटेल. 865 गावं महाराष्ट्रात गेली की कसली उत्तर आणि कसली दक्षिण?

माजी_तलाठी

महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. सुटेल तेव्हा पहिला पेढा माझा. तोवर मत कुठल्या बूथवर द्यायचं ते सांगा.

नंदगडकर, तुमचा मुद्दा "लोकांची सोय" आणि "प्रशासकीय हद्द" ह्या दोन्ही निकषांत चपखल बसतो. अडचण एवढीच की लोकसभेला आठ-आठ विधानसभांची जुडी असते. जिल्ह्यात 18. दोन जुड्या बांधल्या की दोन उरतात, ते दोन कुठंतरी द्यावेच लागतात. तुम्ही कडेला आहात म्हणून तुम्ही. "आम्हाला घ्या" म्हणताना "आमच्याऐवजी कुणाला पाठवा" हेही लिहावं लागेल. सौंदत्तीकर तुमच्यावर धावून येतील, तयारी ठेवा.

आणि नावाबद्दल. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावी झालं, तरी 2024 च्या लोकसभेचा निकाल आयोगानं "बेलगाम" ह्याच नावानं लावला. आदेशात छापलेलं नाव आपोआप बदलत नाही. त्यामुळं नाव पाहिजे असेल तर मसुद्याच्या वेळीच मागा.

झेरॉक्सवाला_हिंडलगा

मग मी नावावरच जोर देणार. चिक्कोडी आणि सदलगा हे जुने मतदारसंघ, पुनर्रचनेत नाव झालं चिक्कोडी-सदलगा. दोघांचा मान राहिला. सौंदत्तीच्या नावात तर यल्लम्मा देवीसुद्धा आली. इथं उचगाव आणि बागेवाडी एकत्र आले आणि नाव दोघांपैकी एकाचंही नाही. "ग्रामीण" म्हणजे काय, तर जे शहर नाही ते. हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रात बघा, इचलकरंजी लोकसभा गेली तेव्हा हातकणंगले आलं. तालुक्याचं का होईना, गावाचं नाव आलं.

हिंडलगा कुठं जायचा तो जाऊ दे, ते मी हरकतीत लिहिणार नाही. उचगावकर, हे तुमच्यासाठी सोडलं. नाव मात्र "उचगाव-हिरेबागेवाडी" मागणार, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तीन प्रती. हिरेबागेवाडीचं कुणी ओळखीचं असेल तर सांगा, त्यांचीही सही पाहिजे. कन्नड मजकूर तेच तपासतील, माझ्या कन्नडला ते हसतात.

उचगावकर

हिरेबागेवाडीत माझ्या मेहुण्याचं खताचं दुकान आहे. रविवारी या, दोघं जाऊ. नाव "उचगाव" आधी, "बागेवाडी" नंतर, हे तेवढं तिथं बोलू नका.

झेरॉक्सवाला_हिंडलगा

ठरलं. आजींचं नवीन कार्ड आलं बरं का, त्यावर 13 नंबरच आहे. लॅमिनेट करून दिलं. "रूरल म्हणजे काय रं?" विचारत होत्या, मी म्हटलं उचगाव.